रस्त्याच्या तोंडावरचा प्लॉट

आबांना मी पहिल्यांदा भेटले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, लग्न कधी करणार विचारलं नाही, अंडं खाता का तेही विचारलं नाही. सांगलीत खोली शोधत फिरणाऱ्या एकट्या बाईला घरमालक काय काय विचारतात ते तोवर मला पाठ झालं होतं, आणि उत्तरंही पाठ होती. हे गृहस्थ मात्र फाटकाच्या आत उभे राहून माझ्या चपलांकडं बघत म्हणाले, "कुठल्या रस्त्यानं आला?"

"रिक्षानं आले."

"रिक्षा ह्ये वाहन झालं. रस्ता कुठला?"

मी सांगितलं, स्टँडवरून मोठ्या रस्त्यानं सरळ, मग पेट्रोलपंपाशी वळून आत.

"आन् जाताना कुठनं जानार?"

"तिथनंच की. दुसरीकडनं वाट कुठाय?"

"त्येच!" असं म्हणून त्यांनी खूश होऊन फाटकाची कडी काढली. मला खोली मिळाली ती या एका उत्तरामुळं, असं त्यांच्या बायको, म्हणजे आमच्या काकी, पुढं येईल त्याला सांगायच्या. माझ्याआधी दोघंजण येऊन गेले होते. दोघांनीही गल्लीचं कौतुक केलं होतं, पुढं रस्ता नाही म्हणजे किती शांत आहे असं म्हटलं होतं, आणि दोघांनाही आबांनी फाटकातूनच वाटेला लावलं होतं.

ही सांगली आणि मिरज यांच्या मधली गोष्ट. या दोन गावांच्या मधे एकेकाळी ऊस होता. आता कुठं सांगली संपते आणि कुठं मिरज लागते हे फक्त रिक्षावाल्याला कळतं. आमची कॉलनी अशाच एका उसाच्या रानात उठलेली. मोठ्या रस्त्यावरून एक गल्ली आत यायची, दोन्ही बाजूंनी चौदा-चौदा घरं, आणि शेवटी गल्लीच्या तोंडावरच आबांचं घर. गल्ली सरळ येऊन त्यांच्या फाटकावर आदळायची. घराच्या डाव्या अंगाला चार फुटांची मोकळी पट्टी होती. त्या पट्टीला लागून भाड्यासाठी बांधलेली वेगळी खोली होती, ती माझी. आणि या सगळ्याच्या मागं सात फूट उंचीची भिंत, वर काचांचे तुकडे लावलेले. भिंतीच्या पलीकडं दुसरी कॉलनी. त्या कॉलनीत माझी शाळा.

मी भूगोल शिकवते. शाळेची घंटा माझ्या खोलीत ऐकू यायची. प्रार्थना तर इतकी स्पष्ट यायची की कोण बेसूर गातंय तेही कळायचं. आणि तरी शाळेत पोचायला मला दोन किलोमीटर चालावं लागे. गल्लीतून उलटं मोठ्या रस्त्याला जायचं, तिथं उसाच्या ट्रॅक्टरांच्या आणि वाळूच्या डंपरच्या कडेकडेनं अंग चोरत अर्धा तास जायचं, मग पलीकडच्या कॉलनीची कमान, मग शाळा. पहिल्या महिन्यात मी इतक्या वेळा उशिरा गेले की हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, तुम्ही शाळेशेजारीच राहता ना?" मला चिडायला फार लागत नाही. त्या दिवशी मी घरी येऊन भिंतीला लाथ मारली आणि अंगठा सुजवून घेतला.

आबा पायरीवर बसून हे बघत होते. उठून त्यांनी हळद आणून दिली आणि म्हणाले, "ह्या भिंतीला लाथ मारनारी तुमी पयल्याच. माझ्या जिवाला लय बरं वाटलं."

*

आबा मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी सातारा-सांगलीच्या रानारानांतून साखळी ओढत, हद्दीचे दगड रोवत गेलेली. अंगानं वाळके, काटकुळे, डोक्याला पांढरी टोपी, खिशात शिसपेन्सिल आणि एक लांबट वही. माणसं नातवंडांची मोजदाद ठेवतात, आबा रस्त्यांच्या तोंडांची ठेवायचे. ज्या रस्त्याला दोन तोंडं तो रस्ता. ज्याला एकच तोंड त्याला ते रस्ता म्हणायचेच नाहीत, पिशवी म्हणायचे. "ह्यो नवीन लेआउट बगा, सहा पिशव्या. आत गेलेला मानूस परत तोंडातनंच भाईर पडनार." वहीत प्रत्येक कॉलनीचं पान होतं आणि पानावर नुसत्या रेघा, जिथं रस्ता रस्त्याला मिळतो तिथं टिंब. जुन्या सांगलीच्या पानावर एवढी टिंबं होती की पान काळं दिसायचं. आमच्या कॉलनीच्या पानावर एक टिंब होतं, पेट्रोलपंपाचं.

कुणाच्या लग्नाला गेले तरी नवऱ्या मुलाच्या बापाला पहिला प्रश्न, "तुमच्या गल्लीला तोंडं किती?" एकदा आष्ट्याला एका साखरपुड्यात त्यांनी हे विचारलं तेव्हा मुलीच्या मामाला वाटलं की घराण्यात काही भानगड आहे का ते आडून विचारतायत. त्यानं मुलाकडच्यांना बाजूला घेतलं. अर्धा तास सगळं अडलं होतं. काकी सांगायच्या, "तवापास्नं मी ह्यास्नी कार्यात न्हेतच न्हाई. आहेर तेवढा पाठवून देती."

आणखी एक खोड म्हणजे भिंतींना हाका मारायची. रोज सकाळी ते छत्री घेऊन निघायचे आणि कुठल्या तरी नव्या कॉलनीत शिरायचे. गल्ली जिथं संपते तिथं भिंतीला तोंड लावून उभे राहायचे आणि मोठ्यानं ओरडायचे, "कोन हाय रं पलीकडं?" कुत्री भुंकायची. कधी कुणी कपडे वाळत घालणारी बाई दचकून "कोन पायजे?" म्हणायची. मग आबा विचारायचे, "बाई, तुमच्याकडनं किराणा दुकान कुठं हाय?" तिनं सांगितलं की ते वहीत लिहायचे: आवाज पोचतो, माणूस पोचत नाही. एका कॉलनीत त्यांना वेडा समजून वॉचमननं गेटबाहेर काढलं, तर वॉचमनलाच पटवून त्यांनी त्याच्याकडून भिंतीची उंची मोजून घेतली.

मला ते 'बाई' म्हणायचे. भूगोलाची बाई म्हटल्यावर त्यांनी मला शिष्या करून टाकलं. एका रविवारी जुन्या गावात नेऊन त्यांनी माझ्याकडून दोन तास पायपीट करून घेतली. एका बोळातून शिरायचं, कुणाच्या तरी मागच्या दाराशी निघायचं, तिथून तिसरीकडं. "बगा, हितं एका वाटंवर मांडव घातला तर चार वाटा मोकळ्या ऱ्हात्यात. आमच्या साताऱ्यात पेठांत असंच. डोंगराच्या उताराला वसलंय गाव, पर बोळातनं पायऱ्या काढल्यात, मानूस अडत न्हाई. त्या मानसांनी काय कॉलेज केलतं व्हय?"

"मग आताचे लोक असं का करतात?" मी विचारलं. पाय दुखत होते, तेव्हा माझा आवाज फार गोड नसावा.

"रान म्हनून. उसाच्या रानाला वाट किती? एक. गाडी आत जायला आन् ऊस घिऊन भाईर याला. पलीकडं दुसऱ्याचा बांध. बांधावरनं भांडनं. रानाचं प्लॉट पडलं, वाट तीच ऱ्हायली, आन् बांधाच्या जागी भिंत आली. बाई, शेर वाढलं म्हन्त्यात ते खोटं हाय. एकेक रान आपापल्या जागी फुगलंय."

त्या दिवसापासून मला त्या वहीची लागण झाली. मी उंब्रजची. आमच्या गावाचे हायवेनं दोन तुकडे केले तेव्हा मी लहान होते. समोर दिसणाऱ्या मळ्यात जायला आई पुलाखालून वळसा घेऊन जाते हे मी जन्मभर बघत होते, आणि ते मला कधी खटकलं नव्हतं. आता सुट्टीला गेले की मी हायवेच्या कडेनं उठणाऱ्या कॉलन्यांची तोंडं मोजायला लागले. आई म्हणाली, "त्या म्हाताऱ्याच्या नादानं तू पण कामातनं गेलीस."

*

खरी गोष्ट मला तिथला दुसरा पावसाळा संपल्यावर कळली. आबांनी मला गच्चीवर बोलावलं. तिथं दोरीवर, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी, दोन नकाशे शेजारी शेजारी लावले होते. वारा होता म्हणून काकी खालची टोकं धरून बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडावरून दिसत होतं की हे त्यांना नवीन नाही.

"हे डावीकडचं रान थोरल्या भावाचं. हे उजवीकडचं धाकट्याचं. बांधावरनं कोर्टात गेल्याले दोघं. थोरल्यानं आधी प्लॉट पाडलं. ही आपली गल्ली. धाकट्यानं पाच-सहा वर्सांनी पाडलं. ही त्याची गल्ली. आता मधी बगा."

मी बघितलं. दोन्ही गल्ल्या एका रेषेत होत्या. एक या बाजूनं येत होती, दुसरी त्या बाजूनं, आणि मधे एकच प्लॉट आडवा पडला होता.

"मोजणीची रीत अशी हाय," आबा म्हणाले, "की ज्या गटाचा, म्हंजी रानाच्या तुकड्याचा अर्ज, त्योच गट कागदावर काडायचा. हद्दीच्या पलीकडं कागद पांढरा सोडायचा. पलीकडं काय हाय ते आपलं काम न्हाई. थोरला म्हनला, रस्ता बांधाला भिडवू नका, तिथं एक प्लॉट पाडा. भावाची गाडी माझ्या रानातनं जाता कामा न्हाई. मी पाडला. कायद्यात बसत हुतं. सा वर्सांनी धाकट्याचं रान मोजलं, तवा बी पलीकडं कागद पांढरा सोडला. दोन्ही नकाशांवर सही माझीच हाय."

"आणि मधला प्लॉट?"

आबा खाली बसले. काकींनीच उत्तर दिलं. "रिटायर झाल्यावर ह्यांनी त्योच घेतला. गल्लीच्या शेवटचा, शांत. मला म्हनले, हे दगड मी रवल्यात, हद्दीची काय काळजी न्हाई."

घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, आणि पहिल्यांदा गच्चीवर चढल्यावर आबांनी दोन्ही बाजूंना बघितलं. पलीकडचा रस्ता त्यांच्या मोरीच्या भिंतीशी येऊन थांबत होता. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, असं काकी म्हणाल्या. मला त्यांची कणव आली आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि मी हसले. आबांनी मान डोलावली.

"हसा. पर मी हे असं ठिवून मरनार न्हाई. दोन्हीकडची मिळून दोनशे घरं त्या डंपरच्या कडंनं जात्यात रोज. ती वाट माझ्या हातनं बुजली, माझ्या हातनंच निघंल."

नंतर मी हसले नाही. कारण त्यांचा आवाज मी वर्गात दांडगट पोरांना दम देते त्या आवाजासारखा होता. फरक इतकाच की ते स्वतःलाच दम देत होते.

*

आपल्या अंगणाची चार फुटांची पट्टी देणं आबांच्या हातात होतं, पण भिंत पलीकडच्या कॉलनीची. तिथले अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार. त्यांचं घर भिंतीला लागूनच. आबा कमानीतून वळसा घालून त्यांच्याकडं गेले तर सुभेदारांनी खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं, "बिलकुल जमनार न्हाई. एक गेट, एक सेंट्री. दुसरं तोंड काढलं की चोर शिरलाच."

आबा परत आले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता भिंतीशी स्टूल ठेवून त्यावर चढले. "सुभेदार! चहा ठेवलाय. या!"

पलीकडून आवाज आला, "आता?"

"उकळलाय की."

बोलावल्यावर न जाणं सुभेदारांच्या रक्तात नव्हतं. ते स्कूटर काढून, कमानीतून, मोठ्या रस्त्यानं, पंपाशी वळून आले. चहा गार झालेला. आबांनी तसाच पुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी पाच वाजता पुन्हा हाक. तिसऱ्या दिवशी पुन्हा. भिंतीला एकाच वेळी काकींनी इकडून आणि सुभेदारांच्या सूनबाईंनी तिकडून कान लावलेले असायचे. चहाबद्दल एक अक्षर बोलायचं नाही, भिंतीबद्दल तर नाहीच, असा आबांचा काकींना हुकूम होता. ते सुभेदारांशी ऊस, पाऊस आणि गुडघेदुखी यांवरच बोलायचे.

नवव्या दिवशी सुभेदार आले ते घामेघूम. पंपाशी एका डंपरनं त्यांना कट मारला होता, स्कूटरचा आरसा गेला होता. गार चहा त्यांनी एका घोटात संपवला, कप बशीवर आपटला आणि म्हणाले, "आबा, तुमी लय बेरकी हायसा. मला वाटलं होतं म्हातारा याडा हाय."

"तसं बी हाय थोडं."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता हाक मारायच्या आधीच भिंतीच्या पलीकडून पहारीचा पहिला घाव ऐकू आला. कॉलनीची सभा झाली होती, ठराव झाला होता, आणि सुभेदार स्वतः बनियनवर उभे होते. चार फूट रुंदीचं भगदाड पडलं. आबांनी त्यातून हात घालून चहाचा कप पुढं केला. त्या दिवशीचा चहा गरम होता.

आमच्या बाजूलाही सगळे खूश होते असं नाही. तीन घरं सोडून राहणाऱ्या एक बाई माझ्याशी आवाज खाली करून बोलल्या, "तिकडं वस्ती मिक्स आहे हो. कोण कोण राहतात." कोण कोण म्हणजे काय हे मला कळत होतं. माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाई तिकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या, आणि कॉलनीत सर्वांत नीट घर त्यांचं. मी काही बोलायच्या आत आबा मागून म्हणाले, "व्हय, मीबी बघून आलो. समद्यास्नी दोनदोन पाय हायत." त्या बाईंनी महिनाभर आमच्याशी बोलणं टाकलं. भाजी आणायला मात्र त्या भगदाडातूनच जायच्या, कारण मंडई तिकडून जवळ.

ते दिवस फार चांगले होते. मी घंटा झाल्यावर निघून वेळेत पोचायला लागले. सकाळी माझ्या खिडकीखालून दप्तरं, सायकली, दुधाच्या किटल्या, धुण्याभांड्याच्या बायका जायच्या. आबा पायरीवर बसून मोजायचे. काकींची रांगोळी रोज तुडवली जायची आणि त्या रोज शिव्या घालून पुन्हा काढायच्या. काकींचा राग रांगोळीचा नव्हता. एकदा भाकरी थापताना त्या मला म्हणाल्या, "बदलीच्या गावाला ह्यांच्यामागं किती घरं बदलली ठावं हाय? दर घराला समोरनं वाट, मागनं वाट, कुनीबी यावं. वाटायचं, म्हातारपनी एक घर आसावं जिथं मागनं कोन येनार न्हाई. मिळालं, तर त्यालाबी ह्यांनी भोक पाडलं." मला त्यांचं पटत होतं. मी तसं म्हटलंही.

*

पायवाट म्हणून काढलेल्या वाटेनं महिन्याभरात मोटारसायकली जायला लागल्या. चार फुटांत एक मोटारसायकल आणि एक माणूस मावत नाही. संक्रांतीच्या आधी एका संध्याकाळी आबा पट्टीत उभे असताना पलीकडून एक गाडी आली, हँडल त्यांच्या कमरेला लागलं आणि ते फरशीवर आडवे झाले. गाडीवाला थांबला, रडवेला झाला, आबांनीच त्याला "पळ, फोन कर" म्हणून सांगितलं.

दवाखाना तिकडून जवळ म्हणून अँब्युलन्स पलीकडच्या गल्लीत येऊन थांबली. स्ट्रेचर आत आलं ते कसंबसं, पण आबांना त्यावर घेऊन बाहेर काढताना माझ्या खोलीच्या कोपऱ्याशी अडलं. माणसांची कोपरं भिंतीला घासत होती. त्यांनी स्ट्रेचर एका अंगावर कलतं केलं आणि आबा ओरडले. तसा ओरडा मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. काकींनी कानांवर हात ठेवले. मग आबा धापा टाकत त्या माणसांना म्हणाले, "हितं किती फूट कमी पडलं रं?"

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. दवाखान्यात दोन्ही कॉलन्यांची माणसं येत होती आणि प्रत्येकजण तेच सांगत होता, झालं ते पुरे, आता ते भोक बुजवा. सुभेदार म्हणाले, "आबा, ऑर्डर द्या, उद्या सकाळी विटा लावतो." मीही म्हणाले. मी अगदी ठासून म्हणाले, की तुमच्या जिवापेक्षा ती वाट मोठी नाही.

आबा छताकडं बघत होते. बोलल्या त्या काकी.

"बुजवायचं न्हाई. ह्यांची खोली पाडा."

"कुणाची?" मी विचारलं.

"तुमचीच. धा फूट ती आन् चार पट्टीचं. चौदा फुटांत मानूस बी जाईल, गाडी बी जाईल, आन् स्ट्रेचर आडवं करावं लागनार न्हाई." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्यो ओरडा मी परत ऐकनार न्हाई. ह्यांचा न्हाई आन् दुसऱ्या कुनाचा न्हाई."

आबांनी मान वळवून काकींकडं बघितलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणी मोजणीत हरवलं होतं.

आणि मी? मी भांडले. खोटं कशाला सांगू. मी म्हणाले, ती खोली माझी नाही हे मला माहीत आहे, पण मी तिथं दोन वर्षं राहिलेय, खिडकीत कढीपत्ता लावलाय, आणि सांगलीत एकट्या बाईला दुसरी खोली मिळवताना काय ऐकावं लागतं हे तुम्हां दोघांना कळणार नाही. आबा सगळं ऐकून घेतात तसं त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "बाई, टेप घरी टेबलाच्या खणात हाय. खोलीची आतनं आन् भाईरनं दोन्ही मापं घ्या. दुसऱ्या कुनाच्या मापावर माझा इस्वास न्हाई."

मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मापं मात्र पहिल्याच संध्याकाळी घेतली. रडत घेतली, पण बरोबर घेतली.

*

भिंतीचं भगदाड तेवढंच रुंद करायचं सुभेदारांनी कबूल केलं, पण नुसती खोली पाडून भागणार नव्हतं. उद्या घर मुलाच्या नावावर होईल, परवा विकलं जाईल, आणि घेणारा माणूस पुन्हा भिंत घालेल, हे आबांना पक्कं माहीत होतं. म्हणून ती चौदा फुटांची पट्टी रस्त्यासाठी पालिकेला कायमची बक्षीसपत्रानं लिहून द्यायची ठरली. पालिकेचा ठराव व्हायला उन्हाळा उजाडला. मुलानं पुण्याहून फोन करून बरंच काही सांगून बघितलं. आबांनी फोन काकींकडं दिला आणि काकींनी तो ठेवून दिला.

नोंदणीच्या दिवशी मी रजा घेतली. आबा वॉकर घेऊन, काकी त्यांच्या बाजूला, सुभेदार साक्षीदार म्हणून कडक इस्त्रीचा शर्ट घालून. कचेरीबाहेर दस्त लिहून देणारे एक गृहस्थ टेबल टाकून बसले होते. त्यांनी मसुदा वाचून दाखवला. 'नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी' इथं आल्यावर आबांनी वॉकर आपटला.

"कुनावर प्रेम?"

"आबा, बक्षीसपत्रात तसं लिहायची पद्धत असते."

"पालिकेवर माझं प्रेम-बिम काय न्हाई. खोडा."

"मग कारण काय लिहू?"

"लिवा. सदर प्लॉट रस्त्याच्या तोंडावर माझ्या हातनं पडला. मोजणी करताना मी पलीकडं बगितलं न्हाई. ही चूक दुरुस्त करन्याकरता."

त्या गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "अहो, स्वतःची चूक कुणी स्टँपपेपरवर लिहितं का? तुम्ही सरकारी नोकर होता. उद्या कुणी हाच कागद काढला तर तुमच्या पेन्शनवर गदा येईल. कशाला विषाची परीक्षा?"

सुभेदारही म्हणाले, लिहू नका. मीही म्हणाले. आबा खुर्चीवर बसले ते बसले. दुपारचा चहा झाला, उन्हं उतरली, दोन वेळा आमचा नंबर पुकारून गेला. शेवटी काकींनी पाण्याची बाटली पिशवीत टाकली आणि त्या दस्त लिहिणाऱ्याला म्हणाल्या, "दादा, लिवा त्ये म्हन्त्यात तसं. आमी चाळीस वर्सं ऐकतोय, तुमाला आजचा एकच दिवस हाय."

कागद आत गेला. अधिकारी एक तरुण बाई होत्या. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि चष्मा काढून आबांकडं बघितलं.

"मोजणी कुणी केली होती?"

"मी."

"आणि प्लॉट कुणाचा आहे?"

"माझाच. निम्मा हिचा."

"मग तक्रार कुणाची?"

"ती बी माझीच."

त्या बाईंनी चष्मा पुन्हा चढवला. मग त्यांनी कॅमेरा आबांकडं वळवला. आबा वॉकर बाजूला सारून उभे राहिले. उभं राहू नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण ते उभे राहिले, टोपी सरळ केली आणि फोटो काढून घेतला. अंगठा लावायला ते टेबलावर वाकले. काकींनी त्यांचं मनगट धरलं आणि अंगठा नीट चौकटीत टेकवला, मग आपला टेकवला.

बाहेर पायऱ्यांवर आल्यावर आबा दम खायला थांबले. मी बाजूला उभी होते. आठ दिवसांच्या अबोल्यानंतर तोडकंमोडकं बोलणं झालं होतं तेवढंच. माझं सामान आदल्या दिवशीच सुभेदारांच्या माडीवर गेलं होतं, कढीपत्त्याच्या कुंडीसकट, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "खोली कवा खाली करताय?"

मी पर्समधून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती बघितली, मूठ मिटली आणि काकींकडं वळले.

"उद्या सकाळी सातला गवंडी बोलवा. साडेनवाच्या आत राडारोडा बाजूला झाला पायजे. पोरं शाळंला निघत्यात, त्यांची वाट एक दिस बी बंद ठिवायची न्हाई."